पासपोर्ट नसलेला पार्ट बसवायचा नाही

जुलै २०२४ ची सकाळ. गोल्फ क्लब मैदानाला तीन फेऱ्या मारून आम्ही कट्ट्यावर टेकलो होतो. (कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण नाशिककराच्या तोंडी गोल्फ क्लबच.) नानांनी फोन माझ्या नाकाशी धरला.

"वाच. झेलेन्स्कीच्या बायकोनं पंचेचाळीस लाख युरोची बुगाटी गाडी घेतली. बिलाचा फोटो आहे बिलाचा! आता बोल."

नाना आणि मी ओझरच्या विमान कारखान्यात एकत्र होतो. ते असेंब्लीत, मी इन्स्पेक्शनमध्ये. त्यांनी बसवायचं आणि मी खोट काढायची, असा तीस वर्षं आमचा संसार चालला. म्हणून मी एवढंच विचारलं, "नाना, ह्याचा पासपोर्ट कुठंय?"

ओझरबाहेरच्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. रशियन बनावटीच्या विमानाचा कुठलाही महत्त्वाचा पार्ट आला की त्याच्यासोबत एक पुस्तिका यायची. तिचं नावच पासपोर्ट. पार्टचा नंबर काय, कुठल्या कारखान्यात आणि कधी बनला, किती तास चालला, तपासून शिक्का कोणी मारला, सगळं त्यात. पार्ट कितीही चकचकीत असो, पासपोर्ट जुळला नाही तर तो लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा. शॉपमध्ये कितीही घाई असली तरी. युक्रेन युद्धाबद्दलचे फॉरवर्ड मी गेली काही वर्षं ह्याच पद्धतीनं तपासतो. ज्यांच्या घरच्या ग्रुपवर एखादे नाना आहेत त्यांच्यासाठी ती पद्धत लिहून काढतोय.

आधी स्वतःला लाल टॅग

ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला, पुढे सुखोई-३० तिथंच बनलं. रशियन तंत्रज्ञ यायचे, त्यांच्याबरोबर बसून मी ड्रॉइंगवरची त्यांची अक्षरं वाचायला शिकलो. एकाला आपली मिसळ इतकी झोंबली की बिचारा अर्धा तास पाणी पीत बसला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा दारात हजर. १९७१ च्या लढाईत सोव्हिएत संघ आपल्या पाठीशी उभा राहिला, ते आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. रशियाबद्दल माझ्या मनात माया आहे आणि ती मी लपवत नाही. पण मिसळ खाऊन घाम पुसणारा तो माणूस वेगळा, आणि मॉस्कोच्या संरक्षण मंत्रालयाचं प्रसिद्धिपत्रक वेगळं. आमच्या ग्रुपवर लोक ह्या दोन गोष्टींची गल्लत करतात, आणि खोट्या बातम्या नेमक्या त्या फटीतून आत येतात.

त्यामुळे मेसेज वाचून मला बरं वाटलं, तर मी त्याला दुप्पट वेळ देतो.

उलट बाजूनंही तोंडावर आपटलोय. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'कीव्हचं भूत' नावाच्या युक्रेनी वैमानिकाचा व्हिडिओ आला. एकटा मिग-२९ घेऊन रशियाची सहा विमानं पाडली म्हणे. मिग बघितल्यावर आमचं काय होतं ते विचारू नका. मी तो लगेच चौघांना पाठवला. तो निघाला कॉम्प्युटरवरच्या विमान उडवायच्या खेळातला. पुढे युक्रेनच्या हवाई दलानंही मान्य केलं की ही दंतकथा आहे. तीस वर्षं विमानं तपासलेल्या माणसाला व्हिडिओ गेमनं गंडवलं! नातू अजून चिडवतो.

दावा एका ओळीत लिहा

फॉरवर्ड लांबलचक असतो, त्यात रडू असतं, संताप असतो, झेंडे असतात. त्यातला दावा काढून डायरीत एका ओळीत लिहायचा: कोणी, काय केलं, कुठं, कधी. आणि खाली लिहायचं की ही गोष्ट खरी असली तर ती सगळ्यात आधी कोणाला माहीत असेल.

मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात हे मला कामी आलं. आमच्या ओळखीतल्या एका घरची मुलगी तिकडे मेडिकलला होती. तिचा भाऊ रात्री अकराला दारात. "काका, युक्रेनच्या सैन्यानं खारकीवमध्ये आपल्या मुलांना ओलीस धरलंय, रशियाच्या सरकारनंच सांगितलंय." खरंच सांगितलं होतं: आधी त्यांच्या संरक्षण मंत्रालयानं, मग खुद्द पुतिन यांनी. पोराचा चेहरा पांढरा पडलेला. आम्ही वहीत लिहिलं: 'खारकीवमध्ये भारतीय विद्यार्थी ओलीस.' कोणाला आधी कळेल? जे रात्रंदिवस त्या मुलांच्या फोनवर आहेत त्यांना, म्हणजे आपल्या दूतावासाला. परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन शोधलं. स्वच्छ लिहिलेलं होतं: कुठल्याही विद्यार्थ्याला ओलीस धरल्याची कसलीही खबर आमच्याकडे आलेली नाही. त्याच आठवड्यात 'भारतासाठी सहा तास बॉम्बफेक थांबवली' हाही फॉरवर्ड जोरात होता. आपल्याच मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी तोही वस्तुस्थितीला धरून नाही म्हणून सांगितलं. मुलांचे हाल खोटे होते असं नाही. १ मार्चला खारकीवमध्ये कर्नाटकातल्या एका विद्यार्थ्याचा जीव गेला होता. 'ऑपरेशन गंगा'तून बावीस हजारांहून जास्त लोक परत आले, त्यात ओळखीची ती मुलगीही होती.

बिल कुठल्या दुकानातलं

आता नानांची बुगाटी. बातमी एका फ्रेंच वेबसाइटची होती, नावाचा अर्थ 'लपलेलं सत्य'. जिच्या नावातच सत्य आहे ती साइट मी तरी आधी उलटून बघतो. ती नुकतीच उभी राहिलेली निघाली. वेबसाइटचा जन्मदाखला बघणं सोपं आहे: 'हूइज' नावाच्या शोधात पत्ता टाकला की तो कधी नोंदला ते दिसतं. युरोपातल्या बातमीदारीचा आव आणणारी साइट आठ-पंधरा दिवसांची असेल तर पासपोर्टचं पहिलंच पान कोरं.

मग बिल. पॅरिसच्या बुगाटी विक्रेत्यानं दुसऱ्याच दिवशी खुलासा केला आणि तक्रारही नोंदवली. फ्रान्समध्ये बिलावर कायद्यानं लागतो तो मजकूर त्यात नव्हता, गाडीची किंमत चुकीची होती, जादा सामानाचे दर चुकीचे होते, छापील साचाही जुना. सोबत शोरूमच्या एका 'कर्मचाऱ्याचा' व्हिडिओ होता, तो तपासणाऱ्यांना एआयनं घडवलेला वाटला. नाना म्हणाले, "म्हणजे विक्रेत्याला विकत घेतलं असेल." मी म्हटलं, "नाना, आपल्या शालिमारच्या बाजारातल्या दुकानाचं कोणी खोटं बिल दाखवून पैसे मागितले असते तर तुम्ही दुकानात फोन केला असता की मोदी सरकारला?" ते हसले.

झेलेन्स्की कुटुंबावर ही एकच बातमी नाही, मालिकाच आहे. इजिप्तमधला सासूबाईंचा बंगला, साडेसात कोटी डॉलरच्या दोन बोटी (दलालांनी बीबीसीला सांगितलं की बोटी अजून विकायच्याच आहेत), न्यूयॉर्कच्या दागिन्यांच्या दुकानातली अकरा लाख डॉलरची खरेदी. त्या पावतीवर तारीख होती २२ सप्टेंबर २०२३, आणि त्या दिवशी नवरा-बायको दोघंही कॅनडात होते. खोटं बिल करणारा रक्कम डोळे दिपतील अशी टाकतो, तारखेकडे त्याचं लक्ष नसतं. मी म्हणून तारखेपासून सुरुवात करतो.

दुसरी लबाडी याहून हुशार आहे: नवी साइट न काढता प्रतिष्ठित वर्तमानपत्राची हुबेहूब नक्कल काढायची. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी हा उद्योग उघड केला आणि त्याला 'डॉपेलगँगर', म्हणजे जुळा, असं नाव पडलं. जर्मनीच्या 'श्पीगेल'चा खरा पत्ता संपतो डॉट डीई नं, नकलेचा संपत होता डॉट एलटीडी नं. फ्रान्सच्या 'ल माँद'चीही तीच गत. अक्षरं, रंग, लोगो, बातमीदाराचं नावसुद्धा खऱ्यासारखं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं असे ३२ पत्ते जप्त केले. म्हणून लिंकवर बोट दाबून धरा, पूर्ण पत्ता उघडा, आणि सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा तुकडा वाचा. लोगोकडे बघूच नका. बीबीसीचा लोगो लावलेला व्हिडिओ आला तर बीबीसीच्या साइटवर जाऊन ती बातमी शोधायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेनची शस्त्रं हमासला विकली गेल्याचा असाच एक व्हिडिओ फिरला होता, बीबीसीनं तो कधी बनवलाच नव्हता.

दुतोंड्या मारुती आणि गूगल लेन्स

फोटो तपासायला नाशिककराला वेगळं शिकवायला नको. दर पावसाळ्यात गंगेला (म्हणजे आमच्या गोदावरीला) पाणी आलं की '२०१९ चा महापूर' 'आत्ताचा' म्हणून फिरतो. आपण काय करतो? दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आहे ते बघतो, होळकर पूल बघतो, मागचं दुकान कधीच बंद झालंय हे ओळखतो, आणि म्हणतो, "हा जुना आहे हो." तेच डोळे युक्रेनच्या फोटोवर लावायचे. फरक इतकाच की तिथला मारुती आपल्याला माहीत नाही, म्हणून यंत्राची मदत घ्यायची.

व्हिडिओ थांबवून तीन ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या. वर चिकटवलेली अक्षरं आणि लोगो कापून टाका. उरलेला तुकडा गूगल लेन्समध्ये टाका. काही सापडलं नाही तर रशियाचंच यांडेक्स हे सर्च इंजिन वापरा. त्या भागातल्या चित्रांसाठी ते मला लेन्सपेक्षा सरस वाटतं. (त्यांच्याच पान्ह्यानं त्यांचाच नट सैल करायचा!) तोच फोटो २०१४ मध्ये किंवा सीरियाच्या बातमीत दिसला तर काम झालं. दुकानाच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, झाडांची पानं बघा. फेब्रुवारीतल्या कीव्हमध्ये झाडं हिरवीगार असत नाहीत. रात्रीच्या आकाशात क्षेपणास्त्रं सुटतायत, पण चित्र धूसर आहे, माणसं दिसत नाहीत आणि आवाजही नाही, तर तो 'आर्मा ३' नावाच्या खेळाचा तुकडा असायची दाट शक्यता. तो खेळ इतक्यांदा युद्ध म्हणून खपवला गेलाय की तो बनवणाऱ्या कंपनीलाच खुलासा काढावा लागला.

एका पार्टला चार पासपोर्ट

माझ्या मते सगळ्यात कामाची खूण हीच. खऱ्या घटनेचं स्पष्टीकरण हळूहळू एका दिशेनं पक्कं होत जातं. प्रचारात एकाच घटनेची चार स्पष्टीकरणं येतात आणि ती एकमेकांनाच खोटं पाडतात. तुम्ही कुठलंही एक मानावं अशी त्यांची अपेक्षाच नसते. 'कोण जाणे बुवा, सगळेच खोटं बोलतात' म्हणून तुम्ही फोन खाली ठेवलात की त्यांचं काम झालं.

१७ जुलै २०१४, मलेशियाचं एमएच-१७ विमान पूर्व युक्रेनवर पडलं, २९८ माणसं गेली. आधी रशियन संरक्षण मंत्रालयानं सांगितलं, जवळ युक्रेनचं सुखोई-२५ होतं. हे ऐकून मी तेव्हाच हसलो होतो. सुखोई-२५ हे जमिनीलगत उडून मारा करणारं विमान, त्याची नेहमीची उंचीची मर्यादा सात किलोमीटरच्या आसपास. प्रवासी विमान होतं दहा किलोमीटरवर. मग रशियन टीव्हीवर उपग्रहाचं एक छायाचित्र आलं, ते जोडकाम निघालं. २०१५ मध्ये बूक क्षेपणास्त्र बनवणाऱ्या रशियन कंपनीनंच म्हटलं की होय, बूकच होतं, पण युक्रेनच्या ताब्यातल्या भागातून सुटलं. म्हणजे सुखोई कुठं गेलं? २०१६ मध्ये रडारवर क्षेपणास्त्र दिसतच नाही असा दावा. आणि २०१८ मध्ये त्यांनी चक्क क्षेपणास्त्राची कागदपत्रं काढली: हा नंबर बघा, १९८६ मध्ये बनला आणि युक्रेनमधल्या तुकडीकडे गेला.

खरं सांगतो, त्या दिवशी मी डगमगलो. नंबर आहे, शिक्का आहे, माझ्याच भाषेत बोलतायत! दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. १९८६ मध्ये युक्रेन सोव्हिएत संघातच होता. आणि पार्ट कुठं बनला, कुठं पाठवला एवढंच पासपोर्ट सांगतो. अठ्ठावीस वर्षांनी बटण कोणी दाबलं ते त्यात लिहिलेलं नसतं. त्यासाठी बूकची गाडी कुठून कुठं गेली त्याचे फोटो, व्हिडिओ, फोनवरची संभाषणं नेदरलँड्सच्या न्यायालयानं तपासली. ती गाडी रशियाच्या कुर्स्कमधल्या ५३ व्या ब्रिगेडची होती. १७ नोव्हेंबर २०२२ ला तिघांना गैरहजेरीत दोषी धरलं, चौथ्याला सोडलं. चौथ्याला सोडलं हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'निकाल आधीच ठरलेला होता' म्हणणाऱ्यांना त्याचं उत्तर देता येत नाही.

तेव्हापासून डायरीचं एक पान मी उभ्या रेघांनी विभागतो. वर घटनेची तारीख, खाली प्रत्येक रकान्यात एक स्पष्टीकरण. ९ मार्च २०२२ ला मारियुपोलच्या प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. एका रकान्यात: हवाई हल्ला झालाच नाही, नाटक आहे. दुसऱ्यात: तिथं पेशंट नव्हतेच, युक्रेनच्या अझोव तुकडीचे सैनिक होते. तिसऱ्यात: फोटोतली गरोदर बाई नटी आहे. पेशंट नव्हते तर नटी कशाला, आणि हल्ला झालाच नाही तर सैनिक होते हे कशाला सांगायचं? रकाने शेजारी ठेवले की ते आपापसातच भांडतात.

कीव्हजवळच्या बुचा शहरात रस्त्यावर नागरिकांची प्रेतं सापडली, त्याचंही असंच. ३० मार्चला आमचं सैन्य निघून गेलं, प्रेतं नंतर मांडली, असं मॉस्कोनं म्हटलं. मॅक्सार कंपनीच्या उपग्रहानं १९ मार्चला टिपलेल्या छायाचित्रात, म्हणजे शहर रशियाच्या ताब्यात असताना, याब्लुन्स्का रस्त्यावर प्रेतं त्याच जागी पडलेली दिसतात. 'प्रेतानं हात हलवला' हा व्हिडिओ नानांनीच पाठवला होता. यूट्यूबवर वेग पाव पट केला आणि नानांना सांगितलं, हाताकडे बघू नका, काचेकडे बघा. गाडीच्या काचेवरचा पाण्याचा थेंब सरकतोय. नाना काही बोलले नाहीत, त्यांनी तो पुन्हा एकदा बघितला.

मारियुपोलच्या नाट्यगृहाबाहेर जमिनीवर रंगानं एक शब्द लिहिला होता, वरून विमानाला दिसावा इतका मोठा. उपग्रहाच्या फोटोत मी तो स्वतः वाचला: 'द्येती'. मुलं. १६ मार्चला त्यावर बॉम्ब पडला. त्या दिवशी ओझरला शिकलेली अक्षरं येत नसती तर बरं झालं असतं असं वाटलं.

चिमूटभर खरं

निव्वळ थाप पटकन पकडली जाते. खरी पंचाईत होते ती चिमूटभर खऱ्याची. 'युक्रेनमध्ये नाझी आहेत' म्हणतात. अझोव तुकडीची मुळं कडव्या उजव्या गटांत होती, हे खरं. ते मान्य करून टाकायचं. पण २०१९ च्या निवडणुकीत कडव्या उजव्यांच्या एकत्र यादीला जेमतेम दोन टक्क्यांच्या वर मतं पडली आणि राष्ट्राध्यक्षपदी ७३ टक्क्यांनी एक ज्यू माणूस आला.

अमेरिकेच्या मदतीनं चालणाऱ्या प्रयोगशाळा तिथं होत्या, हेही खरं. २००५ चा तो करार जाहीर आहे, रोगराईवर नजर ठेवायचा. त्यावर 'जैविक अस्त्रं' ही थाप चढवली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण प्रमुखांनी मार्च २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेला सांगितलं की असा कुठलाही कार्यक्रम आमच्या माहितीत नाही.

ह्या गोष्टीचा एक जुना अवतार तर आपल्या दारातून गेलाय. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' दैनिकात एक पत्र छापून आलं: एड्स अमेरिकेनं प्रयोगशाळेत बनवला. लिहिणारा 'एक नामवंत अमेरिकन शास्त्रज्ञ', नाव नाही. दोन वर्षांनी मॉस्कोच्या साप्ताहिकानं त्याच पत्राचा हवाला देऊन ती थाप जगभर पसरवली. म्हणजे बघा, माल तिकडचा, शिक्का आपला, आणि मग 'भारतीय वर्तमानपत्रात आलंय' म्हणून पुन्हा बाजारात. १९९२ मध्ये रशियाच्या गुप्तहेर खात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी तो हात आपलाच होता हे कबूल केलं. एखादी बातमी भारतीय साइटवर दिसली म्हणून ती भारतीय समजू नका. तळाशी 'हवाला' कोणाचा आहे तिथपर्यंत जा.

आणि कोणी म्हणालं, "रशियन पेपरात तर असं काहीच नाही," तर त्याला ४ मार्च २०२२ चा त्यांचा कायदा सांगा. लष्कराबद्दल 'खोटी माहिती' दिली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग. सरकारी शब्द 'विशेष लष्करी मोहीम' सोडून युद्धाला युद्ध म्हणणंही तिथं धोक्याचं झालं.

सांगायचं कसं

ग्रुपवर सगळ्यांसमोर कधीच नाही. नानांना मी ग्रुपवर खोटं पाडलं असतं तर ते आज माझ्याशी बोलले नसते. फोन करायचा, किंवा चहा. आधी जे खरं आहे ते सांगायचं, मग चूक कुठं आहे ते. खोटा व्हिडिओ 'हा बघा खोटा' म्हणूनसुद्धा पुढे ढकलायचा नाही. लोक वरची ओळ वाचत नाहीत, व्हिडिओ बघतात. वेळ नसेल तर बूम, ऑल्ट न्यूज, न्यूजचेकर ह्या बातम्या तपासणाऱ्या साइटवर आधी शोधायचं, बहुतेक वेळा कोणीतरी ते काम करून ठेवलेलं असतं. दोन बाणांचा, खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकालाच पाठवू देतं. तो दुहेरी बाण दिसला की मी चष्मा लावतो.

बुगाटीनंतर आठवडाभरात नानांनी स्वतःहून एक मेसेज दाखवला. "हे बघ, रशियाच्या सैन्यात आपली पोरं फसवून भरती केली म्हणे. आता हा पाश्चात्त्यांचा प्रचार की नाही? लाव तुझा लाल टॅग."

आम्ही डायरी काढली. कोणाला आधी कळेल? सीबीआयनं मार्चमध्येच दलालांवर छापे घातले होते. पंतप्रधान त्याच आठवड्यात मॉस्कोत होते, आणि ह्या मुलांना लवकर सोडा असं त्यांनी पुतिन यांना सांगितल्याचं आपल्या परराष्ट्र सचिवांनी जाहीर केलं होतं.

"म्हणजे खरं," नाना म्हणाले.

"पासपोर्ट जुळतोय."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, फोन खिशात टाकला आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली.